ताण

ताण हा शब्द अलीकडे पालकांच्या सभेंत फार ऐकूं येतो. ‘आमच्या मुलाला अभ्यासाचा ताण सोसत नाहीं,’ असें एक आई म्हणते. तर ‘ताण दिल्याखेरीज मूल सुधारावयाचें नाहीं,’ असें तिच्या शेजारीं बसलेले गृहस्थ आम्हांस बजावतात. मग दोघेंही मास्तर काय निवाडा देतात याची वाट पाहत बसतात. खरें सांगावयाचें तर अशा वेळीं आमचें चित्त त्या सभेंत नसतें. तो शब्द कानीं पडतांच आमच्या डोळ्यांपुढें जालना जिल्ह्यांतील एक लहानशी मोसंबीची बाग उभी राहते. कारण हा शब्द आम्हीं प्रथम शाळेंत ऐकला नाहीं, बागेंत ऐकला. त्या बागेनें आम्हांस त्याचा जो अर्थ शिकविला, तो या अंकांत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावा असें योजिलें आहे.

मोसंबीचें झाड आपल्या मर्जीवर सोडलें, तर तें वर्षांतून दोन-तीन वेळां थोडथोडें फुलतें आणि बाजारास नेण्याजोगा माल एकदम असा कधींच हातीं येत नाहीं. म्हणून शेतकरी बहार धरतो. मृगाच्या पावसावर जो फुलोरा घ्यावयाचा तो मृग बहार. आणि हिंवाळा सरत आला असतां, आंब्यास मोहोर येतो त्या सुमारास, जो घ्यावयाचा तो आंबे बहार. आमचे वडील आंबे बहार धरीत. त्यासाठीं डिसेंबर लागला कीं ते बागेचें पाणी तोडीत. जमीन हलकी असेल तर थोडे दिवस, काळी व भारी असेल तर अधिक. आमच्या जमिनींत महिना-दीड महिना झाडांस थेंबभर पाणी मिळत नसे. आठ-दहा दिवस कांहीं दिसत नाहीं. मग पानांचें तेज उतरतें, दुपारीं तीं किंचित् वळतात, पुढें पिवळट होतात आणि कांहीं गळूं लागतात. याला बागाइतदार ताण बसला असें म्हणतात.

आम्ही तेव्हां दहा वर्षांचे असूं. विहिरींत भरपूर पाणी दिसत आहे आणि तिच्या कांठावरचीं झाडें तहानेनें माना टाकीत आहेत, हें आम्हांस पाहवेना. वडिलांस आम्ही फार कठोर समजूं लागलों. शेवटीं विहिरीजवळचें एक झाड आम्हीं मनाशीं आपलें ठरविलें, आणि रोज सायंकाळीं, वडील गुरें बांधावयास गेले म्हणजे, दोन कळशा पाणी त्याच्या आळ्यांत चोरून ओतूं लागलों. संक्रांत झाली. वडिलांनीं आळीं खणलीं, शेणखत घातलें, प्रथम एक हलकें पाणी दिलें आणि कांहीं दिवसांनीं भरपूर पाणी सोडलें. तीन-चार आठवड्यांत सगळी बाग पांढऱ्या फुलांनीं भरून गेली; सुगंध वाटेवरपर्यंत येऊं लागला. आमचें झाड मात्र हिरवेंगार, कोंवळ्या पालवीनें डंवरलेलें, आणि फुलें पाहावीं तर इकडे चार, तिकडे दोन! वडील त्या झाडाखालीं बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनीं आमच्याकडे पाहून विचारलें, “याला पाणी कुणी घातलं रं?” आम्हीं मान खालीं घातली. ते रागावले नाहींत. एवढेंच म्हणाले, “झाड रुसल्याबिगर फुलत नसतं, बाळा. तू त्याची समजूत आधीच काढलीस.”

पुढें मिशनच्या वसतिगृहांत राहून आम्हीं विज्ञानाची पदवी घेतली, तेव्हां वडिलांच्या त्या एका वाक्यांत किती शास्त्र भरलें होतें तें कळूं लागलें. झाड मुळांनीं जें पाणी शोषून घेतें, त्यांतील शंभरापैकीं ९५ भागांहून अधिक पाणी पानांवाटे वाफ होऊन उडून जातें. हा खर्च झाड हौसेनें करीत नाहीं. पानांवर सूक्ष्म तोंडें असतात. त्यांस पर्णरंध्रें म्हणतात, आणि मोसंबीस तीं बहुतेक पानाच्या खालच्या बाजूस असतात. या रंध्रांवाटेच हवेंतील कार्बन डायऑक्साइड आंत येतो, आणि त्यापासून सूर्यप्रकाशांत झाड आपलें अन्न तयार करतें. परंतु अन्नासाठीं दार उघडलें कीं त्याच दारानें पाणी बाहेर जातें. पाणी राखावें तर उपाशी राहावें, आणि जेवावें तर तहानेलें व्हावें, अशा पेंचांत प्रत्येक झाड जन्मभर उभें असतें.

जमिनींतील ओल थोडी कमी झाली म्हणजे झाड काय करतें? पहिली गोष्ट ही कीं, नव्या पानांची वाढ मंदावते. वाढणाऱ्या पेशी आंतल्या पाण्याच्या दाबानें ताणल्या जाऊन मोठ्या होत असतात. तो दाब किंचित् उतरला तरी त्यांचें मोठें होणें थांबतें. झाड कोमेजलेलें दिसण्याच्या फार आधीं हें घडतें. संकट ओळखून झाडानें प्रथम आपला नवा पसारा आंवरला असेंच म्हणावयाचें.

दुसरी गोष्ट निरोपाची. मुळांत व पानांत ॲब्सिसिक आम्ल नांवाचें एक संप्रेरक अधिक प्रमाणांत तयार होऊं लागतें. १९६० नंतरच्या दहा वर्षांत शास्त्रज्ञांस त्याचा शोध लागला. फळें व पानें गाळण्याचें काम तें करतें अशा समजुतीनें त्यास तसें नांव मिळालें. परंतु त्याचें मुख्य काम निराळेंच निघालें. प्रत्येक रंध्राच्या दोहों बाजूंस एक एक रक्षक पेशी असते. त्या पाण्यानें फुगल्या म्हणजे कमानीसारख्या वांकतात आणि मधलें दार उघडतें. या आम्लाचा निरोप पोहोंचला कीं रक्षक पेशींतून पोटॅशियमसारखे क्षार बाहेर पडतात, त्यांच्यामागें पाणी जातें, पेशी सैल पडतात आणि दार मिटतें.

तिसरी गोष्ट जमिनीखालीं होते. वर पानें वाढावयाचीं थांबलीं तरी मुळें तितक्या लवकर थांबत नाहींत. पानांत तयार झालेल्या अन्नाचा अधिक वांटा त्यांच्याकडे जातो, आणि जेथें ओल उरली असेल तेथें नव्या मुळ्या पोहोंचूं पाहतात. शिवाय कित्येक पिकें आपल्या पेशींत साखर, प्रोलीन इत्यादि द्रव्यें सांठवितात. त्यामुळें पेशींतील रस दाट होतो आणि कोरड्या होत चाललेल्या मातींतूनही पाणी ओढून घेण्यास बळ मिळतें.

राहतां राहिली फुलांची गोष्ट. पालवीची वाढ थांबली म्हणजे जें अन्न तिच्यावर खर्च व्हावयाचें तें शिल्लक राहतें, आणि लिंबाच्या जातीच्या झाडांत फुलोऱ्याचा संदेश देणारा जनुक अशा वेळीं अधिक जोमानें काम करूं लागतो. थंडीनेंही असेंच होतें. म्हणूनच आंबे बहारास हिंवाळा आणि ताण या दोहोंचें साह्य मिळतें. कळ्या आंतल्या आंत सज्ज होतात आणि पाणी मिळतांच उमलतात. आम्ही कळशीनें पाणी घातलें त्या झाडास पालवी आंवरण्याचें कारणच पडलें नाहीं. हें ज्ञान कांहीं आमच्या मराठवाड्याचीच मिरास नव्हे. इटलींतील सिसिली बेटांतले शेतकरीही लिंबाच्या बागेस उन्हाळ्यांत मुद्दाम तहानेलें ठेवून मग पाणी देतात आणि बिनहंगामी फळ घेतात; तर ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतांत १९८० च्या सुमारास पीच व नासपती यांस ठराविक काळीं बेतानें कमी पाणी देऊन, फळ न घटवितां, झाडाची वायफळ वाढ आंवरण्याची पद्धत शास्त्रज्ञांनीं बसविली.

विद्यार्थ्यांनीं हें केवळ आमच्या सांगण्यावरून मानूं नये. इंग्लंडांत स्टीफन हेल्स नांवाचे एक धर्मोपदेशक होऊन गेले. त्यांनीं सूर्यफुलाचें झाड कुंडीसह सकाळ-संध्याकाळ तराजूंत घालून, झाड किती पाणी उडवितें याचा हिशेब केला आणि तो १७२७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. हा प्रयोग आपल्या शाळेंतही होतो. नववीच्या मुलांनीं चवळीच्या दोन कुंड्या घेतल्या, मातीवरून प्लास्टिकचा कागद बांधला, म्हणजे जें पाणी जाईल तें पानांवाटेच जावें. एकीस रोज पाणी दिलें, दुसरीचें तोडलें, आणि दोन्ही कुंड्या दोन्ही वेळां वाण्याच्या तराजूंत तोलल्या. दोन-चार दिवसांतच, दुसऱ्या कुंडींतील झाड अद्याप ताठ उभें असतांना, तिचें रोजचें वजन घटण्याचें प्रमाण कमी झालें. “सर, हें तर सुकलेलेंच नाहीं, मग पाणी कां वांचवतंय?” असें एका मुलीनें विचारलें. या प्रश्नांत सगळा धडा आला. सुकल्यावर काटकसर करण्यांत अर्थ नसतो. आधीं करावी लागते.

येथपर्यंत वाचून ‘ताण दिलाच पाहिजे’ म्हणणारे पालक प्रसन्न झाले असतील. त्यांस पुढची हकीकत ऐकण्याची विनंति आहे.

२०१२ सालीं पावसानें मराठवाड्यास दगा दिला. जालना जिल्ह्यांत विहिरी दिवाळीपासूनच तळ दाखवूं लागल्या. वडिलांनीं जुनी बाग काढून नवी लावली होती. तीं २०० झाडें तेव्हां दहा-बारा वर्षांचीं, ऐन भरांतलीं होतीं. नाताळच्या सुटींत आम्ही घरीं गेलों. पानें वळलेलीं, जमीन भेगाळलेली. आम्ही पडलों शास्त्र शिकलेले, वडिलांचें समाधान करावें म्हणून म्हणालों, “बाबा, झाडं ताण सोसतात. यंदा मुळ्या खोल जातील, पुढच्या साली बहार जोरात येईल.” वडील विहिरीच्या कांठावर बसले होते. त्यांनीं एक खडा आंत टाकला. पाण्याचा आवाज आला नाहीं. मग ते म्हणाले, “मास्तर, विहिरीत पाणी असतं अन् आपण हात राखून देतो, त्याला ताण म्हणतात. विहीरच कोरडी असली तर त्याला ताण नाही म्हणत.”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. जें आम्ही पुस्तकांतून शिकवीत होतों त्याची दुसरी बाजू पुढील चार महिन्यांत डोळ्यांनीं पाहिली. दार मिटून झाड पाणी वांचवितें खरें, परंतु मिटलेल्या दारामागें तें उपाशी असतें. पाणी उडून जाण्यानें पानास जो थंडावा मिळतो तोही जातो आणि उन्हांत पान भाजूं लागतें. मूळ ओढतें आणि माती देत नाहीं, अशी ओढाताण फार झाली म्हणजे खोडांतील पाण्याच्या सूक्ष्म नळ्यांत हवेचे बुडबुडे शिरतात; मग त्या नळींतून पाणी चढत नाहीं. शेंड्याकडून फांद्या वाळत येतात. त्यास आमच्याकडे सल म्हणतात. मोसंबीचीं बहुतेक मुळें वरच्या दोन-तीन फुटांतच असतात. खोल जाऊन ओल शोधावी इतकी तिची धांव नाहीं. फेब्रुवारींत एक हलकी अवकाळी सर आली. तेवढ्यानें कांहीं झाडें फसलीं आणि फुललीं. पाणी आलें अशी त्यांची समजूत झाली असावी. आठ दिवसांत तीं सारीं फुलें आळ्यांत गळून पडलीं. वडिलांनीं त्या दिवशीं बागेंत पाऊल टाकलें नाहीं.

टँकरचें जें पाणी विकत घेणें झेपत होतें, तें साऱ्या बागेस पुरणारें नव्हतें. २०० झाडांस थोडें थोडें दिलें तर २०० ही जातील, हें वडिलांनीं ओळखलें. त्यांनीं ६० झाडें निवडलीं. त्यांच्या फांद्या छाटून पानांचा भार कमी केला, उरलेलीं फळें तोडून टाकलीं, आळ्यांत उंसाचें पाचट अंथरलें, आणि प्रत्येक झाडाच्या बुडाशीं मडकें पुरून त्यांतून पाणी झिरपूं दिलें. झाड स्वतः जें करूं पाहत होतें, म्हणजे पसारा आंवरणें आणि खर्च राखणें, तेंच त्यांनीं कात्रीनें व पाचटानें केलें. उरलेल्या १४० झाडांकडे पाहूं नये म्हणून ते बांधावरून वळसा घालून जात. उन्हाळ्याच्या अखेरीस तीं तोडावीं लागलीं. त्यांचें सरपण कित्येक दिवस दाराशीं पडून होतें. आईनें तें चुलींत घालावयास घेतलें नाहीं.

आतां ही हकीकत सांगण्याचें खरें कारण सांगतों. तें सांगण्यास थोडा संकोच वाटतो. त्या वर्षीं आम्ही मराठवाड्यांतील दुसऱ्या एका शाळेंत शिकवीत होतों. आमच्या वर्गांतील एक मुलगा दिवाळीनंतर रोज उशीरां येऊं लागला. गृहपाठ नाहीं, वही नाहीं, तासाला डोळे मिटलेले. आम्हीं त्यास बाहेर उभें केलें, एकदां नव्हे, कित्येक दिवस. थोडी शिस्त लागली कीं मूळ खोल जाईल, अशी आमची बागाइतदारी चालली होती. नाताळानंतर शाळेंत परतलों तों वडिलांचें तें वाक्य कानांत घुमत होतें. आम्हीं त्या मुलास जवळ बोलावून प्रथमच विचारलें, “अरे, सकाळीं उठतोस केव्हां?” त्याचे आईबाप ऊंसतोडीस गेले होते, घरीं आजी आणि धाकटी बहीण. पहाटे चारापासून टँकरच्या रांगेंत घागरी घेऊन तो उभा राही, पाणी घरीं पोहोंचवी आणि मग न जेवतां शाळेस येई. ज्याच्या विहिरींत टिपूस नाहीं, त्यास आम्ही ताण देत होतों.

त्यानंतर त्याच्या न्याहारीची सोय वसतिगृहांत झाली, आणि गृहपाठ तो मधल्या सुटींत आमच्यापाशीं बसून करूं लागला. पुढें त्यानें मोठें नांव काढलें, असा गोष्टीचा शेवट करतां आला असता तर बरें झालें असतें. परंतु तसें कांहीं नाहीं. त्यानें शाळा सोडली नाहीं आणि तो उत्तीर्ण झाला, एवढेंच आम्हांस ठाऊक आहे. आणि आमच्या मतें तें थोडें नव्हे.

तेव्हां पालकहो, सभेंत आम्हांस जो निवाडा देतां येत नाहीं तो येथें देतों. मुलास जरा कमी द्यावें, थोडें अडूं द्यावें, गणित सुटत नसेल तर घटकाभर त्याचें त्यासच झगडूं द्यावें. हें योग्यच आहे. रोज चोरून दोन कळशा ओतणाऱ्या मायेनें पालवी वाढते, फूल येत नाहीं. परंतु ताण देण्यापूर्वीं दोन गोष्टी पाहाव्या. पहिली, वेळ. बागाइतदार फुलोऱ्याच्या आधीं ताण देतो. फूल आल्यावर व फळ धरतांना कधींच देत नाहीं, कारण त्या वेळीं पाणी तुटलें तर सारें गळून जातें. मुलांच्या आयुष्यांतही असे नाजूक दिवस असतात. दुसरी, विहीर. मुलाच्या पोटांत अन्न आहे काय, घरीं त्यास पुरेशी झोंप आहे काय, आणि झगडून थकल्यावर ज्याच्याकडे जावें असें कोणी त्यास आहे काय, हें आधीं पाहावें. आणि एकदां पाणी तोडलें तर तें पुन्हां कधीं सोडावयाचें याचा दिवस आपल्या मनाशीं ठरलेला असावा. आमचे वडील ताणाच्या दिवसांत रोज सकाळीं बागेंत जाऊन पानें पाहत असत. पाणी देत नसत, पण पाहावयास चुकत नसत.

आणि विद्यार्थीमित्रांनो, शिक्षकानें तुम्हांस कांहीं दिवस हात राखून वागविलें, तर तो रुसला असें समजूं नका. मात्र तुमच्या विहिरींत पाणीच नसेल, तर तें मुकाट्यानें सोसूं नका, येऊन सांगा. झाडास बोलतां येत नाहीं, तुम्हांस येतें.

ती ६० झाडें वांचलीं. पुढें पाऊस झाल्यावर वडिलांनीं मोकळ्या झालेल्या जागेंत नवी रोपें लावलीं, आणि आतां त्यांसही फळ येतें. गेल्या आठवड्यांत त्यांचा निरोप आला. त्यांनीं बागेचें पाणी तोडलें आहे, आणि संक्रांतीनंतर सोडणार आहेत. निरोपाच्या शेवटीं, आम्हीं न विचारतां, त्यांनीं कळविलें होतें कीं यंदा विहिरीला पाणी आहे.